माईक कोणी उघडला

कानसेन हे नाव त्याला थोरल्या बहिणीने लहानपणी ठेवलं. घरात ते टिकलं आणि पुढे बायकोनेही तेच उचललं. शेजारच्या घरातला नळ गळत असला तरी इकडे याला झोप लागत नसे. अशा माणसाने पोटापाण्यासाठी आवाजाचंच काम धरावं यात नवल नव्हतं. देश सोडून तो या शहरात आला, नाटकाच्या थिएटरांतून वायरी ओढल्या, सभा-समारंभांना स्पीकर लावले, आणि शेवटी एका मोठ्या संस्थेत चिकटला. कामगारांच्या सुरक्षिततेसाठी कितीतरी देशांनी मिळून चालवलेली ही संस्था, आणि तिचं मुख्यालय नेमकं या शहरात.

तिथल्या मोठ्या सभागृहाच्या मागच्या भिंतीत काचेची एक खोली होती. तिच्यात बसून कोणाचा माईक कधी सुरू करायचा, कधी बंद करायचा, कोणत्या रांगेला कोणत्या भाषांतरकाराचा आवाज द्यायचा, हे कानसेन बघे. सभापती ज्याचं नाव पुकारतील त्याचाच माईक उघडायचा, हा नियम. बोलणाऱ्याने तोंड उघडायच्या आत माईक सुरू झाला पाहिजे, आणि खोकायच्या आत बंद. आपण आहोत हे कोणाच्या लक्षातही येऊ नये, एवढीच त्याची महत्त्वाकांक्षा होती, आणि ती बहुतेक रोज पुरी होत असे.

मग एका सकाळी संस्थेच्या नव्या महासंचालकाचं नाव जाहीर झालं, आणि कानसेनच्या हातातला चहा हातातच राहिला.

हा माणूस त्याच्याच देशाचा. तिकडे कामगारमंत्री होता. पक्षात त्याचं उपद्रवमूल्य इतकं वाढलं होतं की पंतप्रधानांना त्याला कुठेतरी लांब, पण मानाने, पाठवणं भाग होतं. दोन मोठ्या देशांना त्याच सुमारास दुसऱ्याच कुठल्या करारावर त्याच्या देशाचं मत हवं होतं. देवाणघेवाण झाली आणि मतदानाच्या दिवशी सगळ्यांचे हात ठरल्यासारखे वर गेले. जन्मभर कारखान्यांच्या सुरक्षिततेचा अभ्यास केलेले दोन उमेदवार टाळ्या वाजवून घरी गेले.

यात कानसेनला अस्वस्थ व्हायचं कारण वेगळं होतं. त्याची थोरली बहीण, ताई, तिकडे कारखाना निरीक्षक होती. बॉयलर तपासायचे, बाहेर पडायच्या वाटा मोकळ्या आहेत का बघायचं, नसतील तर कारखान्याला टाळं लावायचं. तिने लावलंही. मालक लोक मंत्र्याकडे गेले. मंत्र्याने भाषण ठोकलं की उद्योजकांना चोरासारखं वागवणं आता बंद, आणि निरीक्षकांची पदंच रद्द करून टाकली. ताईने टाळं लावलेला एक रंगाचा कारखाना पुन्हा सुरू झाला आणि वर्ष उलटायच्या आत त्याचा बॉयलर फुटला. आतली माणसं बाहेर पडू शकली नाहीत. हे काही गुपित नव्हतं, सगळ्या वर्तमानपत्रांत आलं होतं. चौकशी समिती बसली आणि बसूनच राहिली. ताईने नंतर ड्रायव्हिंग स्कूल काढली. तिच्या हाताखाली शिकलेला माणूस आरशात बघितल्याशिवाय गाडीच काय, खुर्चीसुद्धा मागे घेत नाही, असं लोक म्हणत.

कानसेनने त्या दिवशी तिला फोन केला.

"कळलं का तुला?"

"कळलं. मी आत्ता एका बाईंना चढावर गाडी उचलायला शिकवतेय. नंतर बोलू."

"ताई, मला काही सुचत नाहीये."

"तुला काय झालं? नोकरी माझी गेली होती," ती म्हणाली, आणि मग लगेच, "क्लच सोडू नका हो एकदम," असं कोणालातरी सांगून तिने फोन ठेवला.

घरी उलटाच प्रकार. कानसेनचे वडील त्याच्याकडेच राहत. तिकडे एसटीच्या डेपोत नियंत्रक म्हणून सगळी नोकरी गेलेली. पाच-पन्नास गाड्या कुठे आहेत हे न बघता सांगणारा माणूस इथे तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत बसून परक्या बसगाड्या मोजत बसे. नवे महासंचालक त्यांच्याच जिल्ह्यातले. बाबांनी तो दिवस फोनवर काढला. "आपल्याकडचा माणूस जगाच्या खुर्चीवर बसला," हे त्यांनी एवढ्यांदा सांगितलं की कानसेनच्या बायकोने स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. त्यानंतर ज्यांनी कधी साधी ख्यालीखुशाली विचारली नव्हती अशा मावसभावांचे फोन सुरू झाले. एकाच्या मुलीला संस्थेत चिकटवता येईल का, दुसऱ्याच्या जावयाचं काही होईल का. कानसेन "बघतो" म्हणे आणि फोन ठेवून घरभर फिरे.

"बस जरा," बायको म्हणे. ती औषधांच्या दुकानात काम करायची, दिवसभर उभी राहून आलेली असायची. "तुला बघून माझे पाय दुखतात."

ऑफिसात बसणंही कठीण झालं होतं. कँटीनमध्ये तो ताट घेऊन आला की टेबलावरचं बोलणं थांबे. कोणी मुद्दाम करत नव्हतं, पण थांबायचं. कोणीतरी विचारी, "काय हो, तुमचा माणूस कसा आहे?" जणू याने तो स्वतःच्या खिशातून काढून दिला होता. ताईची गोष्ट सांगावी असं दहादा त्याच्या ओठांवर आलं. पण सांगितली तर ती स्वतःला निर्दोष ठरवण्यासाठी वापरल्यासारखी होईल, आणि ताईला ते मुळीच आवडणार नाही, म्हणून तो गप्प बसे. गप्प बसला की लोकांना वाटे, आतून खूश आहे.

कर्मचारी संघटनेच्या अध्यक्ष आकडेवारी विभागात होत्या. जगात दरवर्षी कामावर किती माणसं मरतात याची बेरीज करणं हे त्यांचं काम. लहानखुऱ्या, बारीक आवाजाच्या, पण एकदा एखादी गोष्ट धरली की सोडत नसत. आकडेबाई, असंच सगळे म्हणत. महासंचालकांचं पहिलं भाषण तोंडावर आलं तेव्हा त्या काचेच्या खोलीत आल्या आणि दार लावून घेतलं.

"एक मिनिट," त्या म्हणाल्या. "भाषणात फक्त एक मिनिट त्यांचा माईक बंद पाडा. तांत्रिक बिघाड. तेवढ्यात आम्ही उभे राहून पाठ फिरवू."

"नाही जमणार."

"का? तुमच्या देशाचे म्हणून?"

"माझ्या हातून बोलणाऱ्याचा आवाज आजवर बंद पडलेला नाही. याचाही पडणार नाही."

आकडेबाईंनी दार उघडलं. "चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "नियमाच्या मागे लपायला जागा असते." आणि गेल्या. कानसेनने त्यानंतर एकच वायर तीनदा काढून तीनदा लावली.

भाषणाच्या आदल्या दिवशी महासंचालक स्वतः माईक तपासायला आले. मागे सचिव, पुढे हसू. खोलीत शिरताच त्यांनी आपल्या भाषेत विचारलं, "आपल्याकडचे तुम्हीच ना? कुठले?"

कानसेनने गाव सांगितलं.

"अरे वा. तिथल्या डेपोवर मी किती रात्री काढल्यात कॉलेजात असताना. शेवटची गाडी चुकली की तिथले कंट्रोलर बाकावर झोपू द्यायचे."

"ते माझे वडील," कानसेन म्हणून गेला.

"काय सांगता? इथे आहेत? उद्या आणा त्यांना. पाहुण्यांच्या सज्जात बसवू. भाषण झालं की फोटो काढू."

"हो साहेब," कानसेन म्हणाला. आपली पाठ नकळत वाकली हे त्याच्या ध्यानात आलं तेव्हा साहेब निघून गेले होते. ताईबद्दल विचारायला त्याच्यासमोर पुरता दीड हात अंतरावर तो माणूस उभा होता, आणि याच्या तोंडून काय निघालं, तर हो साहेब. संध्याकाळी घरी येताना तो दोन स्टॉप आधीच उतरला आणि चालत आला, तरी ते दोन शब्द कानातून जाईनात.

दुसऱ्या दिवशी बाबा कोट घालून सज्जात पहिल्या रांगेत बसले. सभागृह गच्च भरलं. कर्मचाऱ्यांसाठी मागे ठेवलेल्या, पाटी आणि माईक असलेल्या बाकांवर आकडेबाई आणि संघटनेचे लोक काळे कपडे घालून बसले होते. महासंचालक उभे राहिले. बोलणारा माणूस होता, यात शंका नाही. आवाज कुठे खाली आणायचा, कुठे थांबायचं, सगळं ठाऊक. कानसेनला काही करावंच लागत नव्हतं. मजुराच्या पोटी जन्मलो, शेडमध्ये अभ्यास केला, असं सगळं झाल्यावर ते म्हणाले, "माझ्या देशात मी संशयाचं राज्य संपवलं आणि विश्वासाचं आणलं. तपासणीने माणूस घाबरतो, विश्वासाने तो जबाबदार होतो. तेच मी इथे करणार आहे."

काचेच्या मागे कानसेनने हेडफोन पुन्हा नीट बसवले. हेडफोनमध्ये तो आवाज इतका स्वच्छ येत होता की श्वासदेखील ऐकू यावा. आपणच तो इतका स्वच्छ केला आहे, हा विचार त्याच्या मनात आला आणि जाईना.

तेवढ्यात आकडेबाई उभ्या राहिल्या. समोरची पाटी उचलून धरली, म्हणजे मला बोलायचंय. सभापतींनी पाहिलं आणि नजर दुसरीकडे नेली. त्या तशाच बोलू लागल्या. पण ते सभागृह असं होतं की माईकशिवाय बोललेलं दोन रांगांपलीकडे पोचत नसे. भाषांतरकारांना काही ऐकू येईना, प्रतिनिधींच्या कानांत नुसती शांतता. एक लहानखुरी बाई तोंड हलवतेय, एवढंच दिसत होतं. कोणीतरी हसलंसुद्धा.

कानसेनने आकडेबाईंचा माईक उघडला.

ठरवून केलं का, हे त्याला पुढे कितीतरी जणांनी विचारलं, आणि त्याला कधीच नीट सांगता आलं नाही. बोट बटणावर होतं, आणि मग बटण दाबलेलं होतं. माईकभोवती लाल कडं पेटलं. स्वतःचाच आवाज एकदम मोठा झालेला ऐकून आकडेबाई दचकल्या आणि अडखळल्या. हातातला कागद त्यांनी उलटा धरला होता. खरं तर त्या फार वाईट बोलल्या. पण शेवटी एक प्रश्न त्यांनी धड विचारला.

"तुम्ही खातं हातात घेतलंत तेव्हा देशात किती निरीक्षक होते? आणि सोडलंत तेव्हा किती?"

सभापतींनी हातोडा आपटला आणि थेट काचेकडे पाहिलं. सगळ्या सभागृहाच्या माना मागे वळल्या. आयुष्यात पहिल्यांदाच लोक कानसेनकडे बघत होते.

महासंचालकांनी हात वर करून सभापतींना थांबवलं. "बोलू द्या त्यांना," ते हसून म्हणाले. "माईक मीच उघडायला सांगितला होता. विरोधाचा आवाज ऐकू आला नाही, तर ही संस्था कसली?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मग ते बराच वेळ बोलले. प्रश्न सोडून सगळ्याचं उत्तर दिलं. आकडेबाई उभ्या होत्या त्या हळूच खाली बसल्या.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत हेच. टीकाकाराच्या हाती माईक देणारा नवा महासंचालक. त्याला विरोध करणाऱ्या एका संपादकाने लिहिलं की माणूस वाटला होता तसा दिसत नाही. कानसेन कँटीनमध्ये गेला तर या वेळी बोलणं थांबलं नाही, मुद्दाम मोठ्याने सुरू राहिलं. आकडेबाई त्याच्या टेबलापाशी आल्या.

"छान बसवलंत नाटक," त्या म्हणाल्या. "मला आधी सांगितलं असतंत तर मी निदान पाठ करून आले असते."

"बाई, त्यांनी मला काही सांगितलं नव्हतं."

"मग ते असं का म्हणाले?"

याला उत्तर होतं, पण ते ऐकायला त्या थांबल्या नाहीत. दुपारी सचिव आला. महासंचालकांच्या कार्यालयात सभाव्यवस्थेसाठी एक नवं पद निघतंय, पगार बराच जास्त, साहेबांनी स्वतः नाव सुचवलंय. कानसेनने विचार करून सांगतो म्हटलं आणि स्वच्छतागृहात जाऊन तोंडावर पाणी मारलं. एवढ्या वर्षांत त्याने एकच गोष्ट स्वतःच्या जिवावर केली होती, आणि तीही दुसऱ्याने उचलून खिशात घातली होती.

तो प्रशासनाच्या अधिकाऱ्याकडे गेला.

"मी काल नियम मोडला. सभापतींनी नाव न घेता माईक उघडला. माझी चौकशी करा."

अधिकारी सभ्य गृहस्थ होते. त्यांनी चष्मा काढला. "साहेबांनी सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"नाही."

"ते तर म्हणाले, सांगितलं होतं."

"ते म्हणाले. पण सांगितलं नव्हतं."

"म्हणजे महासंचालक खोटं बोलले, असं तुम्हाला म्हणायचंय?"

"मला एवढंच म्हणायचंय की माईक मी उघडला."

"अहो, लोक चौकशी टळावी म्हणून माझ्याकडे येतात. तुमचं काय बिनसलंय?"

पुढच्या आठवड्यात तो पुन्हा गेला, त्याच्या पुढच्याही. अधिकारी त्याला बघून फोन उचलून कानाला लावू लागले. शेवटी संघटनेच्या सर्वसाधारण सभेत, जिथे तो आजवर फक्त स्पीकर लावायला जात असे, कानसेन पुढे जाऊन उभा राहिला. लोकांपुढे बोलायची सवय नव्हती. माईकपासून किती लांब राहायचं हे जन्मभर दुसऱ्यांना सांगितलेला माणूस स्वतः इतका जवळ गेला की आवाज फाटला. मी उघडला, कोणी सांगितलं नव्हतं, का उघडला ते मलाच नीट माहीत नाही, आणि मी ते पद घेणार नाही, एवढं बोलून तो खाली उतरला. ताईचं नाव त्याने काढलं नाही. काहींनी टाळ्या वाजवल्या, काहींनी आपसात पाहिलं. आकडेबाई पुढच्या विषयाकडे वळल्या.

चौकशी झालीच नाही. चौकशी झाली असती तर महासंचालकांचं वाक्य खोटं ठरलं असतं. महिनाभराने एक आदेश निघाला की कामाच्या गरजेनुसार कानसेनची नेमणूक तळमजल्याखालच्या लहान बैठकखोल्यांकडे करण्यात येत आहे. काचेची खोली गेली. खाली खिडक्या नव्हत्या, आणि बहुतेक खोल्यांत माईकही नव्हते.

या सगळ्यात बाबांचा फोटो मात्र निघाला होता. साहेबांचा हात त्यांच्या खांद्यावर, आणि बाबांचा चेहरा असा की कानसेनने इतक्या वर्षांत तो पाहिला नव्हता. त्यांनी तो जेवणाच्या टेबलासमोर लावला. बरेच दिवस कानसेन त्याच्याकडे पाठ करून जेवला. मग एकदा त्याच्याने राहवेना.

"बाबा, ताईची नोकरी याने घालवली."

"माहीत नसायला मी काय बहिरा आहे?"

"मग हा फोटो कशाला?"

बाबांनी घास खाली ठेवला. "इथे आल्यापासून मला कोणी नावाने हाक मारलेली नाही," ते म्हणाले. "खालचा दुकानदार मला आजोबा म्हणतो. त्या माणसाने माझ्या डेपोचं नाव घेतलं. बाकावर झोपू द्यायचो, ते त्याला आठवत होतं. तो कसा आहे ते मला कळतं रे. पण ते आठवणारा दुसरा कोणी मला आणून दे, मी लगेच काढतो फोटो."

बायकोने बाबांच्या ताटात आणखी भात वाढला आणि कानसेनला डोळ्यांनीच गप्प बसवलं. फोटो तिथेच राहिला.

ताईने ते भाषण फोनवर पाहिलं होतं, पण बोलली बऱ्याच उशिराने.

"त्या बाईंचा आवाज फाटत होता जरा."

"त्या फार जवळ जाऊन बोलत होत्या."

"मग तू कमी का नाही केलास? तुझं कामच आहे ते."

"माझं बोट बटणावरून निघतच नव्हतं."

तिकडून गाडीच्या इंडिकेटरची टिकटिक ऐकू आली. "उन्हाळ्यात स्कूल बंद ठेवणार आहे," ताई म्हणाली. "येऊ का तिकडे?"

ती येईपर्यंत महासंचालक गेले होते. मायदेशी सरकार डळमळलं, त्यांना मोठ्या खात्यावर परत बोलावलं गेलं, आणि जागतिक अनुभव गाठीशी असलेला नेता म्हणून विमानतळावर त्यांचं स्वागत झालं. इथे त्यांच्या जागी दुसऱ्या एका देशाचे निवडणूक हरलेले अर्थमंत्री येणार, असं कँटीनमध्ये बोललं जात होतं. आकडेबाईंनी नवं निवेदन लिहायला घेतलं होतं. त्याचा मसुदा दाखवायला त्या एकदा आपणहून खाली आल्या, कानसेनच्या समोर बसल्या आणि म्हणाल्या, "वाचून दाखवते, कुठे अडखळते ते सांगा." त्याने सांगितलं. जुन्या गोष्टीचा विषय दोघांनीही काढला नाही. आपल्यावर त्यांचा विश्वास बसला की फक्त राग ओसरला, हे त्याला अजूनही ठरवता येत नव्हतं, आणि त्या गेल्यावर तो खोलीतल्या खोलीत पुन्हा येरझाऱ्या घालू लागला.

ताई आली तेव्हा बाबांनी तिला मुख्यालय दाखवायचा हट्ट धरला. तिने मोठं सभागृह नको म्हटलं. "तू बसतोस तिथे ने," ती भावाला म्हणाली. तिघे जिना उतरून खाली आले. ताईने बैठकखोल्यांकडे पाहिलंही नाही. बोळाच्या टोकाला संकटकाळी बाहेर पडायचं दार होतं, त्यावर हिरवा दिवा जळत होता, आणि दारासमोर मोडक्या खुर्च्यांची डोक्याएवढी चळत लावलेली होती.

"हे काय?" तिने विचारलं.

"जागा नसते ठेवायला. सगळेच ठेवतात."

ताईने पर्स बाबांच्या हातात दिली, ओढणी कमरेला बांधली आणि वरची खुर्ची काढली. कानसेनने क्षणभर इकडेतिकडे पाहिलं. मग तोही तिच्या शेजारी उभा राहिला. दोघांनी काढलेल्या खुर्च्यांतली त्यातल्या त्यात धड खुर्ची बाबांनी निवडली, बोळाच्या मधोमध मांडली, बसले, आणि कुठली खुर्ची कुठे लावायची ते दोघांना सांगू लागले. तिथे दोघेतिघे कर्मचारी येऊन थांबले. परवानगी कोणाची आहे, असं त्यातल्या एकाने विचारलं.

"माझी," कानसेन म्हणाला, आणि पुढची खुर्ची उचलली. ती अपेक्षेपेक्षा जड निघाली.